वळणावरचा सांधा

सेवानिवृत्तीनंतर माणसाला एखादा छंद असावा, असे मी सहकाऱ्यांना नेहमी सांगत असे. माझ्या वाट्याला मात्र छंद आला तो नातवामुळे. पुण्यात कोथरूड येथे १९९८ पासून लहान रेल्वेचे एक संग्रहालय आहे. तेथील चिमुकल्या गाड्या पाहून आल्यापासून त्याला दुसरे काही सुचेना. अखेर त्याच्या अकराव्या वाढदिवशी मी विजेवर चालणारी छोटी आगगाडी आणली. खऱ्या गाडीहून ती ८७ पटींनी लहान. दोन रुळांमधील अंतर अवघे १६.५ मिलिमीटर!

मोठ्या लाकडी फळीवर रूळ मी स्वतः जोडले. सरळ मार्गावर गाडी डौलाने धावे. परंतु खिडकीजवळच्या वळणावर आली, की कधी जागीच थबके, तर कधी रूळ सोडून आडवी होई. एके दिवशी तर इंजिन थेट जमिनीवर पडले.

"तूच आदळआपट करून त्याची चाके वाकवलीस!" मी नातवाला रागे भरलो.

तो काही बोलला नाही. त्याने इंजिन उचलले, सदऱ्याने पुसले आणि तो आत निघून गेला. त्या रात्री तो माझ्याजवळ गोष्ट ऐकायलाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो, तो स्वारी फळीपाशी वही घेऊन बसलेली. "आजोबा, हे पाहा ना," तो हलकेच म्हणाला. त्याने इंजिन दुसऱ्या वळणावरून दहा वेळा चालवले होते. ते एकदाही घसरले नव्हते. मग एकेक डबा हाताने खिडकीजवळच्या वळणावरून ढकलला होता. प्रत्येक डबा एकाच जागी घसरला होता.

"इंजिनाची चाके वाकली असती, तर ते सगळीकडेच पडले असते ना? आणि डबे का पडावेत?"

छत्तीस वर्षे मुलांना प्रश्न विचारणारा मी. पण या प्रश्नापुढे निरुत्तर झालो.

आम्ही डोळे मिटून रुळाच्या आतल्या कडेवरून नख फिरवले. एका सांध्यापाशी ते अडकले. तेथे रुळाचे टोक पत्र्याच्या जोडणीत शिरण्याऐवजी तिच्यावर चढून बसले होते. उंचवटा अर्ध्या मिलिमीटरचाही नव्हता. परंतु या चाकांची कडच मुळी जेमतेम एक मिलिमीटरची! वळणावर ती बाहेरच्या रुळाला घासत जाते आणि असा दाता लागला, की वर चढते. या इंजिनाला वीजही रुळांतूनच, चाकांवाटे मिळते. सांधा सैल, त्यावर धूळ. मग प्रवाह खंडित होऊन इंजिन थांबणारच.

रेल्वेला वळण नेहमीच अवघड. आपल्या ब्रॉडगेज मार्गांवर सहसा १७५ मीटरांहून कमी त्रिज्येचे वळण ठेवत नाहीत. आमच्या वळणाची त्रिज्या ४५ सेंटीमीटर, म्हणजे खऱ्या गाडीच्या मापाने सुमारे ३९ मीटर! १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावर अशीच तीव्र वळणे आहेत. म्हणून तेथील जुन्या वाफेच्या इंजिनांचे पुढचे व मागचे आस वळणावर किंचित सरकतील, असे बनवलेले होते. इतक्या अरुंद वळणावर रूळ लहानशी चूकही पोटात घालत नाही.

आम्ही सांधा सोडवून नीट बसवला. स्पिरिटात भिजवलेल्या फडक्याने रूळ व चाके पुसली.

"बाळ, रूळ मी जोडले होते," मी म्हणालो. "चूक माझी होती आणि बोल तुला लावला. मला क्षमा कर."

तो लाजून हसला आणि त्याने कळ फिरवली. गाडी वळणापाशी आली, किंचित कलली आणि सुरळीत पुढे गेली.

त्या रात्री मला माझी शाळा आठवली. कितीदा अख्खा वर्ग एकाच गणितापाशी अडला होता आणि मी मुलांना निष्काळजी म्हटले होते! एखादा मुलगा सगळीकडे अडखळत असेल, तर त्याच्याजवळ बसावे, त्याची अडचण शोधावी. पण सगळीच मुले एका ठिकाणी अडखळत असतील, तर रूळ जोडणाऱ्याने आधी आपला सांधा तपासावा. हे मला शिकवायला माझा अकरा वर्षांचा नातू यावा लागला.