उतरणीचा धडा

अहिल्यानगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलात, की डोंगरमाथ्यावर एक अष्टकोनी, तिमजली दगडी वास्तू दिसू लागते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीतील वजीर सलाबतखान दुसरा याची कबर आहे. तिच्याकडे जाणाऱ्या चढावर अनेक नगरकर सकाळी चालायला येतात. गेल्या वर्षी आठ महिने मीही त्यांच्यातलाच एक होतो.

त्यामागचे कारण सांगताना थोडा संकोच वाटतो. माझ्या कमरेच्या मणक्यातील गादी सरकली होती. पाठोपाठ उजवा खुबाही दुखू लागला. पाच महिन्यांनी वेदना थांबल्या आणि रुग्णांना सबुरी शिकवणारा मी थेट कळसूबाईला निघालो. अकोले तालुक्यातील बारी गावातून ही वाट १,६४६ मीटर उंचीच्या, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखरावर जाते. चढून गेलो, अभिमानही वाटला. उतरताना मात्र लोखंडी शिडीवर खुबा असा धरला, की मुलाच्या खांद्याचा आधार घेतच गाव गाठावे लागले. पुढे दीड महिना घरचा जिनाही जड झाला.

वेदना थांबणे म्हणजे ताकद परतणे नव्हे, हे मी विसरलो होतो. चढताना दम लागतो म्हणून आपण चढणीलाच कसोटी मानतो. उतरताना मांडीचे आणि खुब्याचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलून धरतात. सराव नसेल, तर तेच काम त्यांना झेपत नाही.

मग घरापासून सुरुवात केली. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली उताणे झोपून कंबर उचलणे, कुशीवर झोपून पाय वर नेणे, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे. त्यानंतर महालाची वाट; प्रथम अर्धीच. अंतर, चढ किंवा पाठीवरचे ओझे, यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले आढळले, तर पुढची फेरी कमी केली. खुबा उजवा, म्हणून काठी डाव्या हातात; दुखऱ्या खुब्यावरचा भार विरुद्ध हातातील काठीनेच हलका होतो.

डिसेंबरात पुन्हा बारीला गेलो. माथ्यावर देवीचे छोटे मंदिर, खाली भंडारदऱ्याचे पाणी, समोर अलंग, मदन आणि कुलंग. तेथे फार रेंगाळलो नाही. उतरताना शिडीकडे तोंड करून, एकेक पायरी चाचपत आलो. चढण्यापेक्षा उतरायला अधिक वेळ लागला. पण बारीत पोहोचलो तो स्वतःच्या पायांवर.

आपली कळसूबाई कदाचित इमारतीचा दुसरा मजला असेल. तरीही नियम हेच. घरच्यांनी ‘आता बसूनच राहा’ म्हणू नये आणि घाईही करू नये. उतरताना एक पायरी खाली राहून सोबत करावी. मात्र लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेत बधिरता, पायातील जोर जाणे, पाठदुखीसोबत ताप, किंवा पडल्यानंतर खुब्यावर भार न देता येणे, यांपैकी काही आढळल्यास व्यायाम थांबवून त्वरित रुग्णालय गाठावे.

बाकीच्यांनी उद्या चार पायऱ्या चढाव्यात आणि त्याहून सावकाश उतराव्यात.