उत्तरार्धाची शिदोरी

आमच्या हिमायतनगरासारख्या तालुक्याच्या गावी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पराभवाची कारणमीमांसा करावयाची झाली, की सरावाचा अभाव, मैदानाची दुरवस्था आणि बुटांची टंचाई ही तीन कारणे हटकून पुढे केली जातात. ती खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या संघाने पूर्वार्धात प्रतिपक्षाला आपल्या अर्ध्या मैदानात पाऊल टाकू दिले नाही, तोच संघ उत्तरार्धाची पंधरा-वीस मिनिटे लोटताच ढासळू लागतो, बचावफळीतील मुलगा पोटरीत गोळा येऊन खाली बसतो, आघाडीचा खेळाडू समोर आलेल्या चेंडूकडे नुसता पाहत राहतो, हे दृश्य हंगामामागून हंगाम पाहिल्यावर माझ्या मनाची अशी पक्की खात्री झाली आहे, की या पराभवाचे मूळ मुलांच्या ताटात आणि त्यांच्या पाण्याच्या बाटलीत शोधले पाहिजे.

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून नोकरी करीत असता बदलीच्या हुकुमाने मी या गावी आलो आणि सेवानिवृत्तीनंतरही येथेच राहिलो. मुदखेडहून किनवटकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, परमेश्वराच्या देवळामुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे हे गाव. सभोवार काळी जमीन, तिच्यात कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी. कचेरीचे दफ्तर मिटल्यावर सायंकाळी शाळेच्या मैदानावर जाण्याची जी सवय मला जडली ती अद्याप सुटलेली नाही, आणि सुटावी अशी इच्छाही नाही.

या मुलखात फुटबॉल हा उपरा खेळ आहे असे मानणाऱ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मराठवाडा ज्या हैदराबाद राज्याचा भाग होता, त्या राज्याच्या राजधानीतील शहर पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाला आकार देणारे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय संघाने १९५१ आणि १९६२ साली आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकाविला. अशा परंपरेच्या छायेत वाढलेल्या भूमीतील मुलांनी एका तांब्याभर पाण्यावाचून सामना गमवावा, याचे मला मनापासून दुःख होते.

खेळाडूने काय खावे याविषयी आमच्याकडे ज्या कल्पना रूढ आहेत त्या सर्व तालमीतून आलेल्या आहेत. खुराक या शब्दाबरोबर दूध, तूप, बदाम आणि अंडी एवढ्याच गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पहिलवानाला त्या योग्यच होत, कारण त्याला अंग कमवावयाचे असते आणि त्याची लढत थोड्या वेळात निकाली निघते. याउलट फुटबॉलचा खेळाडू दीड तासात सुमारे दहा किलोमीटरची धाव घेतो, आणि तीही एका गतीने नव्हे, तर कधी चालत, कधी रमतगमत, कधी जिवाच्या आकांताने. त्या धावेला लागणारे इंधन पिष्टमय अन्नातून स्नायूंत आणि यकृतात साठविलेल्या शर्करेचे असते, आणि तो साठा मर्यादित असतो. सामन्याच्या सकाळी मोठा पेलाभर साय धरलेले दूध आणि त्यावर तुपात तळलेली अंडी खाऊन आलेला मुलगा मी पाहिला आहे. स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात, त्यामुळे ते अन्न पोटात तसेच राहिले आणि पायांना मात्र काही मिळाले नाही. त्याच्या घरच्यांनी ते दूध आपल्या वाट्याचे त्याला दिले होते. त्या मायेचे मोल मी जाणतो, आणि म्हणूनच ती योग्य वेळी योग्य पदार्थाच्या रूपाने त्याच्या पोटात जावी असे मला वाटते.

पाण्याविषयीचा समज याहून चिवट निघाला. खेळताना पाणी प्यायले की पोटात कळ येते, दम भरतो, आणि जो खरा खेळाडू आहे त्याला तहान लागतच नाही, असे मुले एकमेकांना सांगत. युक्तिवादाने त्यांचे समाधान होईना, तेव्हा मी मोंढ्यातील एका अडत्याला विनंती केली. त्यांच्या दुकानातील धान्याची पोती तोलण्याच्या विजेच्या काट्यावर एप्रिलच्या एका सायंकाळी आमच्या मुलांची वजने सामन्यापूर्वी आणि सामन्यानंतर, घाम टिपून आणि केवळ अर्ध्या विजारीवर, घेण्यात आली. आमच्या मधल्या फळीतला सर्वांत चपळ मुलगा आरंभी ५८ किलो ४०० ग्रॅम भरला आणि अखेरीस ५६ किलो ७०० ग्रॅम. मुले काट्याच्या आकड्याकडे पाहत स्तब्ध उभी राहिली. दीड तासात कोणाची चरबी वितळत नाही. जे गेले ते जवळजवळ सारे पाणीच होते, एका किलोमागे साधारण एक लिटर. शरीराच्या वजनाच्या शेकडा दोन इतके पाणी गेले तरी धावण्याची आणि विचार करण्याची शक्ती उतरू लागते, आणि या मुलाचे तर शेकडा तीनच्या घरात गेले होते. रक्तातील द्रव कमी झाला की हृदयाला तेच काम अधिक ठोक्यांनी करावे लागते आणि त्वचेकडे उष्णता वाहून नेण्यास रक्त अपुरे पडते, हे मी त्या काट्याशेजारी उभा राहून सांगितले, आणि त्या दिवशी प्रथमच ते ऐकून घेतले गेले.

घामाबरोबर केवळ पाणी जात नाही. आमच्या संघाचा पोशाख गडद निळा आहे. तो वाळला की पाठीवर आणि काखेखाली पांढऱ्या रेघा उमटतात, त्या मिठाच्या. ज्याच्या पाठीवर त्या अधिक ठसठशीत, त्याला मिठाची गरज अधिक, एवढी साधी परीक्षा मुले आता स्वतःच करतात. नुसते पाणी घटाघटा पिऊन ही तूट भरत नाही. उलट अतोनात साधे पाणी प्यायल्याने रक्तातील मिठाचे प्रमाण धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. म्हणून आम्ही लिटरभर पाण्यात चार-पाच मोठे चमचे साखर, लहान चमच्याचा चतुर्थांश मीठ आणि दोन लिंबांचा रस असे सरबत करतो. साखर आणि मीठ एकत्र असले म्हणजे आतड्यातून दोन्हींचे शोषण जोडीने होते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही रक्तात ओढले जाते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे पटकीची साथ उसळली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर असंख्य जीव वाचविले. त्याच तत्त्वावर बेतलेली जलसंजीवनीची पाकिटे आज प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात.

ती पाकिटे मी प्रथम मैदानावर आणली, तेव्हा एका मुलाची आई, जी कापूस वेचून परतताना कुंपणाशी थांबत असे, मला म्हणाली, “सर, माझ्या लेकराला जुलाब थोडेच लागलेत? हे पाणी काहून पाजायलात त्याला?” मी तिला मुलाच्या सदऱ्यावरची मिठाची रेघ दाखविली. तिने बोट लावून ती चाखली आणि क्षणभर विचार करून म्हणाली, “हे तर आम्हालाबी रानात होतंय की.” दुसऱ्या दिवशी तिने मुलाबरोबर किटलीभर आंबील पाठविली. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून, शिजवून, मीठ घालून केलेली ती पातळ आंबील पाहताच माझ्या ध्यानात आले, की पाणी, मीठ आणि पिष्ट या तिन्हींचा मेळ या माउलीच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात चुलीवर शिजत आला आहे. खेळाच्या भर वेगात ती जड वाटते हे खरे, पण खेळ संपल्यावर तिच्या तोडीचे दुसरे पेय मला ठाऊक नाही.

तेव्हापासून आमचा आहारक्रम आम्ही गावच्याच पदार्थांतून बसविला. सामन्याच्या तीन तास आधी भात आणि तुरीचे वरण, किंवा पातळ भाजीबरोबर ज्वारीची भाकरी. ज्याचे पोट कोंडायुक्त अन्नाने फुगते त्याने त्या दिवशी भाकरीऐवजी भातच घ्यावा. तासभर आधी एखादे केळे. अर्धापूरच्या केळ्यांचा आमच्या जिल्ह्यात तुटवडा कधीच नसतो. ज्याला केळे नको त्याला मूठ-दोन मुठी चुरमुऱ्यांची सुशीला, तेल बेताचे घातलेली. शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा सामना संपेपर्यंत दूर ठेवावयाचा. मध्यंतरात सरबत, आणि सामना आटोपल्यावर होता होईतो तासाभरात गूळ-शेंगदाणे, अंडी किंवा डाळीची खिचडी. पानटपरीवर रंगीत बाटल्यांत मिळणाऱ्या उत्तेजक पेयांचा मोह मुलांना होतो. त्यांत कॅफीन असते, आणि हृदयाला आधीच उन्हाचा ताण असताना त्याची भर घालू नये, असा आमच्या संघाचा दंडक आहे. प्रत्येकाची बाटली वेगळी, तिच्यावर तैलरंगाने नाव घातलेले. सकाळच्या लघवीचा रंग फिकट असेल तर ठीक, गडद पिवळा असेल तर मैदानावर येण्यापूर्वीच पाणी प्यावयाचे.

रमजानचा महिना आला म्हणजे हा क्रम बदलावा लागतो. आमच्या संघात रोजे पाळणारी मुले पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या श्रद्धेला बाधा न आणता त्यांचे शरीर सांभाळणे हे मी माझे कर्तव्य समजतो. २०१८ आणि २०१९ साली रमजान ऐन मे महिन्यात आला. तेव्हा आम्ही धावण्याचा सराव सायंकाळी ठेवला नाही. तरावीहची नमाज झाल्यावर, रात्रीच्या दिव्यांत, चेंडूवरचा हलका सराव केला. सहरीला भिजविलेले हरभरे, दही-भात आणि थोडे अधिक मीठ, इफ्तारीला खजूर आणि सरबत, आणि मग निजेपर्यंत थोडे थोडे करून पाणी, असे त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलून ठरविले. एका मुलाच्या आजोबांनी मला बसवून घेऊन सांगितले, की त्यांच्या तरुणपणी तळलेल्या भज्यांनी इफ्तारी आटोपण्याचा एवढा प्रघात नव्हता. खजूर, फळे आणि पाणी हेच मुख्य असे. त्यांनी तोच नियम नातवाच्या ताटाला लावला.

उन्हाच्या बाबतीत मात्र अन्नपाण्याचा उपाय एका मर्यादेपर्यंतच चालतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एका स्पर्धेत, जिचे नाव मी येथे घेत नाही, आमचा सामना एप्रिलच्या दुपारी एक वाजता लावण्यात आला. उत्तरार्धात आमचा एक बचावपटू आपल्याच गोलाकडे तोंड करून धावू लागला. त्याला दिशा कळेनाशी झाली होती. आम्ही त्याला निंबाच्या सावलीत नेले, सदरा काढला, मानेवर, काखेत आणि जांघेत गार पाण्याचे फडके ठेवले, अंगावर घागरभर पाणी ओतले, वारा घातला, आणि मगच मोटारीतून रुग्णालयात हलविले. अशा वेळी आधी अंग थंड करावयाचे आणि मग हलवावयाचे, हा क्रम प्रत्येक संघव्यवस्थापकाला पाठ असला पाहिजे. आमचा तो मुलगा वाचला. २०१४ च्या विश्वचषकात फोर्तालेझा येथे नेदरलँड्स आणि मेक्सिको यांच्या सामन्यात दोन्ही अर्धांत खेळ थांबवून खेळाडूंना पाणी पाजण्यात आले होते. तापमान, दमटपणा आणि ऊन यांचा एकत्रित निर्देशांक ३२ अंशांपुढे गेला की साधारण तिसाव्या आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला असा विराम द्यावा, असे फिफाचे मार्गदर्शन आहे. लक्षाधीश खेळाडूंना जे मिळते ते मजुरांच्या मुलांना मिळू नये, यास मला कोणतेही समर्थन दिसत नाही. आमच्या भागातील स्पर्धांच्या आयोजकांकडे मी तसे लेखी अर्ज दिले. काहींनी सामने सकाळी सात वाजता घेण्यास आरंभ केला आहे, काहींनी अजून नाही.

मुलींचा संघ आम्ही उभा केला, तेव्हा एक निराळीच अडचण पुढे आली. मुली सरबताची बाटली हातात घेत, ओठांना लावीत आणि तशीच परत ठेवीत. कारण विचारले तर कोणी बोलेना. अखेर एका धीट मुलीने सांगितले, की मैदानावर शौचालय नाही, शाळेचे आहे ते शाळा सुटल्यावर कुलूपबंद असते, म्हणून त्या दुपारपासूनच पाणी टाळतात. तोवर माझे सारे लक्ष त्यांच्या ताटाकडेच होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. आमच्या मुलींना अंबाडीची भाजी, गूळ, लिंबू पिळलेली मोडाची उसळ खा, जेवणाबरोबर चहा घेऊ नका, शाळेत मिळणारी लोहाची गोळी फेकू नका, हे सर्व मी सांगितले होते आणि त्यांनी ते ऐकलेही होते. कुलपाचा विचार माझ्याकडून कोणी करविला नव्हता, तो त्या मुलीने करविला. मुख्याध्यापकांना भेटून मी शौचालयाच्या किल्लीसाठी अर्ज केला. सरावाच्या दिवशी किल्ली संघाच्या कर्णधार मुलीकडे राहील, स्वच्छतेची जबाबदारी संघाची आणि पाण्याची टाकी भरण्याचे काम शिपायाचे, अशा तीन अटींवर त्यांनी तो मंजूर केला. आता मुलींच्या बाटल्या मध्यंतरापूर्वीच रिकाम्या होतात, आणि सरबताच्या दुसऱ्या हंड्याची सोय करावी लागली आहे.