वर्गात बोलतं कोण?

लोणी काळभोर,
शनिवार

ती. बाईंना,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “बी.एड.ला हल्ली कॉम्प्युटरच शिकवतात म्हणे, मग इंग्रजी कधी शिकवता?” मी डेमूच्या दारात उभी होते, पायाशी कुणाच्या तरी भाजीच्या पाट्या, म्हणून हसण्यावारी नेलं. पण प्रश्न काही पाठ सोडेना. व्हॉट्सॲपवर उत्तर लिहिलं असतं तर मीच दोन ओळींत गुंडाळलं असतं, म्हणून सरळ कागद घेतला.

आधी तक्रार करून मोकळी होते. आमच्या पाठ टाचणात ‘शैक्षणिक साहित्य’ असा एक रकाना असतो. तुमच्या काळी त्यात तक्ता, चित्रं, फार तर फ्लॅश कार्डं. आता तिथं पीपीटी, यूट्यूबची चित्रफीत, क्यूआर कोड, ऑनलाइन क्विझ असं भरगच्च लिहावं लागतं. निरीक्षणाच्या तक्त्यात तंत्रज्ञानाच्या वापराला वेगळे गुण आहेत. बी.एड. दोन वर्षांचं झालं तेव्हा आयसीटीचा स्वतंत्र विषयच अभ्यासक्रमात आला. साधनं डोळसपणे पारखून वापरायला शिकावं हा त्याचा हेतू चांगलाच होता. पारखण्याचा भाग मात्र लेखी उत्तरात उरकतो. पाठ संपला की मागच्या बाकावरून शेरा येतो : ‘पीपीटी आकर्षक.’ मुलं किती बोलली, याला रकाना नाही. टाचणं तर आता चॅटजीपीटीच लिहून देतो, त्यामुळे आमच्या तुकडीतल्या निम्म्या जणांचे पाठ एकाच प्रस्तावनेनं सुरू होतात आणि एकाच गृहपाठानं संपतात.

माझं घोडं त्या न बोलणाऱ्या मुलांपाशीच अडलंय. आठवीच्या वर्गात साठ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. मी तोंडाला कुलूप लावून बसले तरी प्रत्येकाच्या वाट्याला पस्तीस सेकंद येतात. त्यातून हजेरी, दंगा, वही विसरलेल्यांची सुनावणी वजा करा. घरी इंग्रजी नाही, गल्लीत नाही, मैदानावर तर नाहीच. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आलं, म्हणजे आमच्या या मुलांनी सात वर्षं इंग्रजीचा तास बसून काढलाय. रिकाम्या जागा भरायला दिल्या तर पटापट भरतात, काळ ओळखतात, विरुद्धार्थी शब्द सांगतात. उभं करून “काल काय केलंस?” एवढं इंग्रजीत विचारा, की नजर बाकाच्या फळीला चिकटते.

मला वाटतं, मराठी शाळेतल्या इंग्रजीच्या तासाला टंचाई आहे ती बोलायला मिळणाऱ्या वेळेची. मजकुराचा तर पूर आलाय. म्हणून नवं साधन कुणी पुढं केलं की मी हल्ली एवढंच बघते, यानं किती तोंडं उघडणार? या एका कसोटीवर बरंच भारी सामान नापास होतं.

आमच्या प्रोजेक्टरचंच घ्या. खिडक्यांना पडदे नाहीत, म्हणून तास सुरू होण्याआधी दोन मुलं सतरंज्या खोचून अंधार करतात. चित्र नीट दिसायला लागेपर्यंत वर्ग शांत होतो, आणि निरीक्षकांना ती शांतता फार आवडते. पण अंधारात मुलांना शेजाऱ्याचा चेहरा दिसत नाही, वहीत लिहिता येत नाही. आणि पडद्यावरचा गोरा बाप्या इतकं सफाईदार बोलत असतो की त्याच्यापुढं आपण तोंड उघडावं असं कुणाला वाटणार? तास छान होतो आणि कुणी काही बोलत नाही.

लोणीबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पुण्याच्या माणसाला लोणी काळभोर म्हटलं की राजबागेतलं एमआयटीचं विद्यापीठ आणि तो भव्य घुमट आठवतो. जरा वयस्कर असेल तर राज कपूरची बाग आणि १९७८चा ‘सत्यम शिवम सुंदरम’. आमच्या आठवीचं लोणी निराळं आहे. ते तेल कंपन्यांच्या डेपोंचं आणि टँकरच्या रांगांचं. कुणाचे वडील टँकरवर ड्रायव्हर, कुणाचे क्लीनर, कुणाचं पंक्चरचं दुकान, कुणाची आई रोपवाटिकेत रोजंदारीवर. जुन्या शेतकरी घरांतली मुलं आहेत, तशी बिहारमधून आलेलीही. ती आपसांत हिंदी बोलतात आणि मराठीत भांडतात.

एका सकाळी स्टेशन चौकातून शाळेकडे येताना मी उभ्या टँकरांच्या मागच्या बाजूचे फोटो काढले. ड्रायव्हर मंडळी बघत राहिली. एकानं विचारलंच, “मॅडम, आरटीओतून आलात काय?” त्याच तासाला ते फोटो वर्गातल्या टीव्हीवर लावले. हायली इन्फ्लेमेबल. नो स्मोकिंग. कीप डिस्टन्स. हॉर्न ओके प्लीज. पुस्तकातला उतारा वाचताना अडखळणारा एक मुलगा इन्फ्लेमेबल हा शब्द न अडखळता वाचून मोकळा झाला. वडील चालवतात त्या गाडीवर तो त्यानं अक्षरओळख व्हायच्या आधीपासून पाहिलेला. मग आज्ञार्थी वाक्यं वेगळी शिकवावीच लागली नाहीत. सील तोडू नका, इंजिन बंद करा, मोबाइल बाहेर ठेवा : डेपोच्या फाटकावर काय काय बजावतात ते मुलांनी मला इंग्रजीत सांगायचं, मी फळ्यावर लिहायचं. बोलत होती ती, लिहीत होते मी. टाचणात मी साधन म्हणून ‘मोबाइल कॅमेरा’ एवढंच लिहिलं. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, “पीपीटी नाही?”

पण खरं सोनं फोनमधल्या रेकॉर्डरमध्ये आहे, बाई. शाळेत आम्ही चार विद्यार्थी-शिक्षक आहोत. चौघांचे फोन वर्गाच्या चार कोपऱ्यांतल्या बाकांवर पालथे ठेवले, रेकॉर्डर चालू, आणि मुलांना जोडीजोडीनं बोलायला लावलं : काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय केलं. वर्गात बाजार भरल्यासारखा कालवा. एकदा शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले. त्या गोंगाटात मला एक वाक्य नीट ऐकू येत नव्हतं. परतताना डेमूत कानात इयरफोन घालून ऐकलं तेव्हा कुठे वर्ग कळला. एक मुलगी म्हणते, “माय फादर गो मनमाड यस्टरडे.” शेजारीण दबक्या आवाजात, “वेंट गं, वेंट!” ती पुन्हा पहिल्यापासून, “माय फादर वेंट मनमाड.” मग थांबून मराठीत, “मधी टू लागतं का?” दोघींनी बराच वेळ काथ्याकूट केला आणि टू घालायचं ठरवलं. ही दुरुस्ती मी केली असती तर एकीला कळली असती आणि एकोणसाठ जणांनी खिडकीबाहेर बघितलं असतं. दुसऱ्या दिवशी तेवढा तुकडा मी स्पीकरवर ऐकवला, त्या दोघींना विचारूनच. त्यानंतर फोन आपल्या बाकावर यावा म्हणून भांडणं.

शिक्षकाचा कान एका वेळी एकाच बाकाशी असतो. हा रेकॉर्डर उरलेल्या बाकांशी बसतो. त्याला इंटरनेट लागत नाही, सबस्क्रिप्शन लागत नाही, अंधार तर मुळीच लागत नाही. एक पथ्य मात्र पाळते : ऐकून झालं की आवाज पुसून टाकायचे. मुलं बोलती झाली की आमच्यातल्या काहींना पहिलं सुचतं ते रील. आठवीतल्या मुलीचं चुकलेलं वाक्य बाहेर गेलं तर ती वर्षभर तोंड उघडायची नाही, हे या लोकांच्या लक्षात कसं येत नाही कोण जाणे.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही स्वतः तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलात, पण शाळेत मात्र टेबलावर रेडिओ ठेवून ‘वी लर्न इंग्लिश’ लावायचात. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसचा तो कार्यक्रम. त्यात प्रश्न विचारून मुलांच्या उत्तरासाठी मोकळी जागा सोडलेली असे, आणि अख्खा वर्ग त्या जागेत ओरडून घेई. आम्हाला तेव्हा ती गंमत वाटायची. आता कळतं, कार्यक्रम बनवणाऱ्यांनी मुलांचं बोलणं आधी धरलं होतं आणि त्याच्या कडेनं पाठ रचला होता. त्याच पुण्यात १९८४पासून बालचित्रवाणी होती. दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम पाहत एक पिढी वाढली. तिथं मेहनती, कल्पक माणसं होती, पण टीव्हीसमोर मुलांनी बघायचंच काम होतं. २०१७मध्ये ती बंद केली तेव्हा हळहळ झाली, मलाही वाईट वाटलं. तरी आमचे आजचे व्हिडिओ बघितले की वाटतं, बालचित्रवाणी बंद झाली आणि तिची खोड तेवढी आमच्याकडे राहिली.

इथून सोलापूर रस्त्यानं तसंच पुढं गेलं की टेंभुर्णीपासून माढा तालुका लागतो. तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत क्यूआर कोड आणले. २०२०मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. पुढं कोडची चौकट बालभारतीच्या पुस्तकांवर आली. आमच्या कॉलेजात डिसले म्हणजे क्यूआर कोड, एवढंच समीकरण पाठ आहे. मला त्यांचा दुसरा उद्योग मोठा वाटतो : खेड्यातल्या मुलांना स्क्रीनवरून परदेशातल्या मुलांशी बोलायला बसवणं. कोड स्कॅन केला की मूल ऐकतं. समोर पलीकडचं पोरगं प्रश्न विचारत बसलं असेल तर त्याला उत्तर द्यावंच लागतं, मग व्याकरण गेलं उडत.

फोन घरोघर आलाय, हे खरं. ‘असर’च्या २०२४च्या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलेली ५७ टक्के, सोशल मीडिया वापरलेली ७६ टक्के. आमच्या वर्गात विचारा, घरी क्यूआर कोड स्कॅन करतं कोण? चार हात वर होतात, त्यातले दोन मला बरं वाटावं म्हणून. गुगलनं २०१९मध्ये ‘बोलो’ नावानं आणलेलं, आता ‘रीड अलाँग’ म्हणतात ते ॲप वाचून घेतं, चुकलं की सांगतं. एकट्या मुलाला घरी ते चांगलं. साठांच्या वर्गात त्याला शेजारच्याचाच आवाज ऐकू येतो. शिवाय वाचणं म्हणजे बोलणं नव्हे.

आता मूळ मुद्द्यावर येते. सुगत मित्रांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९९९मध्ये दिल्लीच्या कालकाजीत त्यांनी भिंतीत भोक पाडून झोपडपट्टीतल्या मुलांसाठी कॉम्प्युटर बसवला. मुलं शिक्षकावाचून शिकतील, या त्यांच्या दाव्यावर टीका भरपूर झाली आणि ती मला पटते. पण त्यांचाच एक साधा उपक्रम लोक विसरतात. २००९च्या सुमारास त्यांनी ब्रिटनमधल्या लोकांना, त्यात निवृत्त शिक्षक पुष्कळ, स्काइपवरून भारतातल्या मुलांशी गप्पा मारायला बसवलं. नावच पडलं ‘ग्रॅनी क्लाउड’. आजीसारखं कौतुक करायचं, विचारायचं, ऐकायचं, शिकवायचं नाही. पुढं फलटणला, मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेतही मित्रांच्या ‘स्कूल इन द क्लाउड’चं एक केंद्र निघालं. माझ्या कसोटीवर हे उतरतं, कारण तिथं यंत्राच्या पलीकडे ऐकणारं माणूस आहे, आणि त्याला मुलाचं उत्तर खरोखरच माहीत नाही. मी “काल काय केलंस?” विचारते तेव्हा मुलांना ठाऊक असतं की मला क्रियापदाचं रूप हवंय.

ब्रिटनमधली आजी मला नको. तिचे उच्चार ऐकून आमची पोरं पुन्हा फळीकडे बघतील. मला मराठी वळणाचं इंग्रजी बोलणारी, खेड्यातल्या शाळेत शिकून-शिकवून म्हातारी झालेली, मुलांना घाई न करणारी बाई हवी आहे. तुमच्याकडे वेळ आहे, नातवानं दिलेला टॅब आहे, आणि तो तुम्ही फक्त कीर्तनं ऐकायला वापरता हे मला काकांकडून कळलंय.

दर शनिवारी सकाळची शाळा असते. तिसरा तास आमचा, साधारण नऊ वाजता. मुख्याध्यापकांची परवानगी मी घेतली आहे. एका वेळी सहाच मुलं टीव्हीसमोर बसतील, बाकीची त्या वेळात त्यांच्यासाठी प्रश्न तयार करतील. तुम्ही त्यांना टँकरबद्दल विचारा, मनमाडला जायला किती तास लागतात ते विचारा, तुम्हाला खरंच माहीत नसलेलं काहीही विचारा. “वेंट गं” म्हणणारी पहिल्या गटात आहे. फक्त एक करा, बाई : चूक झाली तर लगेच दुरुस्त करू नका, शेजारणीला थोडी उसंत द्या.

पुढच्या शनिवारी पावणेनऊला मी व्हिडिओ कॉल लावते. काकांना टॅब आदल्या रात्री चार्ज करून ठेवायला सांगा.

तुमची विद्यार्थिनी