भिलाईहून गंगरेलच्या जलाशयाकडे

भिलाई म्हटले म्हणजे पोलादाचा कारखाना डोळ्यांपुढे उभा राहतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी त्याचा करार झाला, तेव्हा या प्रदेशाची राजधानी नागपूर येथे होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. परंतु पोलादाला खनिज आणि कोळसा लागतो तसे पाणीही लागते. भट्ट्या थंड राखावयाच्या, तप्त कोक विझवावयाचा, वसाहतीतील नळ चालू ठेवावयाचे, हे सारे पाण्यावाचून होणे नाही. ते पाणी कोठून येते हे मुलाबाळांना दाखवावयाचे असेल, तर दोन दिवसांची सवड काढा आणि मोटारीने निघा.

निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली कॅराव्हॅन मिळाली तर उत्तमच. नाही तर साध्या गाडीत सतरंजी, शिधा आणि पाण्याचे पिंप घेतले म्हणजे पुरे. अशा फिरत्या घरात पाणी तांब्यातांब्याने मोजावे लागते. या सहलीला ती तयारी फार उपयोगी पडते.

दुर्ग ओलांडून दक्षिणेस वळलात की दुतर्फा भाताची खाचरे लागतात. सुमारे ६० किलोमीटरांवर बालोद आणि त्याच्याजवळच तांदुला जलाशय. इंग्रजी अमदानीत तो बांधला गेला तो शेतीसाठी. पुढे भिलाईची तहानही त्याने भागविली. ती तहान वाढत गेली, तेव्हा महानदीकडे वळावे लागले. म्हणून आपणही बालोदहून पूर्वेस धमतरी गाठावी. तेथून गंगरेल सुमारे १५ किलोमीटर.

येथे डोंगर जवळ येतात, आणि झाडी संपता संपता एकाएकी समुद्रासारखे पाणी दिसू लागते. सिहावाच्या डोंगरात उगम पावलेली महानदी १९७० च्या दशकात येथे अडविण्यात आली. धरणाला १४ दरवाजे आहेत. पंडित रविशंकर शुक्ल यांच्या स्मरणार्थ त्यास रविशंकर सागर म्हणतात. काठी उद्यान आहे, नौकाविहार आहे, राहण्याची सोयही आहे. येथूनच कालव्यांच्या वाटेने शेतांना आणि भिलाईला पाणी जाते.

नौकेत बसाल तेव्हा एक गोष्ट मनात असू द्या. ज्या पाण्यावरून आपण जातो त्याच्या तळाशी अनेक गावे आहेत. चंवर हे त्यांपैकी एक. तेथील अंगारमोती मातेचे स्थान बुडिताखाली गेले, तेव्हा देवीला धरणाच्या काठी आणून बसविण्यात आले. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी तेथे मडई भरते आणि आसपासचे आदिवासी बांधव आपल्या देवतांसह जमतात. गाव गेले, पण गावाची ओळख त्यांनी जाऊ दिली नाही. देवळात जाल तेव्हा मुलांना ही हकीकत अवश्य सांगा.

जाण्यास पावसाळ्यानंतरचे दिवस उत्तम. तेव्हा जलाशय भरलेला असतो. जंगलात चूल पेटवू नका आणि काठावर कचरा टाकू नका. कारखान्याच्या धुराड्याकडे पाहून राष्ट्राच्या श्रमाचा अभिमान वाटतो. त्या श्रमामागे कोणाची शेते आणि कोणाची अंगणे आहेत, हे या काठावर उभे राहिल्यावर कळते. मग घरच्या नळाखालची भरून वाहणारी बादली पाहून तुमचा हात आपोआप तोटीकडे जाईल.