चौघींचे दोन फेर

गणिताला रामराम ठोकून कला शाखेत आलेल्यांपैकी मी एक. तरी हे लिखाण गणितावरच आहे. गुरुजनांनी हसू नये!

भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० मधील 'लीलावती'त अंकपाश नावाचे प्रकरण आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती तऱ्हांनी देता येतील? २४. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधे? ३६,२८,८००!

श्रीवर्धनच्या आमच्या वाडीत हे मी ताईला ऐकवले. तिची शाळा दहावीला सुटली. घरी सुपारी सोलायला हात हवे होते. ती म्हणाली, "हात राहू देत. चौघी मुलींनी दोन फेर धरायचे तर? एकटीची गिरकीही फेरच समज."

मोजले. एकटी कोण, हे चार तऱ्हांनी. उरलेल्या तिघींचे फेर दोन, कोण कुणाच्या उजवीकडे एवढाच फरक. झाले आठ. दोघी-दोघींचे तीन. एकूण ११. आता गंमत पाहा. तीनचे क्रमगुणित सहा. त्याला एक, अर्धा आणि एक तृतीयांश यांच्या बेरजेने गुणा. ६ + ३ + २, म्हणजे ११च! या आकड्यांना अठराव्या शतकातील स्कॉटिश गणिती जेम्स स्टर्लिंग याचे नाव आहे.

"पाचवी आली तर?" मी कागद शोधू लागलो. ताई सुपारी सोलतच म्हणाली, "ती चौघींपैकी कुणाच्याही उजवीकडे शिरेल, अकरा चोक चव्वेचाळीस. नाहीतर एकटी गिरकी घेईल, चौघी एकाच फेरात, ते सहा. पन्नास."

बाहेरून बारावीला बसायचा अर्ज तिने आणून ठेवला आहे. आई म्हणते, सुपारीचा हंगाम संपू दे.