मनीची वहिवाट

विकतचे खेळणे मांजराला मुळीच रुचत नाही, असे सरसकट विधान करण्यास मी धजणार नाही. परंतु अंबडात आयुष्याची बहुतेक वर्षे काढताना एकापाठोपाठ एक अशा ज्या अनेक मांजरींचा सहवास मला लाभला, आणि ज्या साऱ्यांचे नाव आमच्या घराण्याच्या कल्पनादारिद्र्यामुळे ‘मनी’ असेच पडत गेले, त्यांपैकी एकीनेही दुकानातून आणलेल्या वस्तूला, ती घरात रुळून जुनी होण्याआधी, मान दिल्याचे मला स्मरत नाही. उलटपक्षी, ज्यांना कोणी खेळणे म्हणेल असे त्यांच्या कर्त्याच्या स्वप्नातही आले नसेल अशा सूप, सुतळी, दौतीचे बूच, रिकामे पोते या वस्तूंवर मात्र प्रत्येक मनीने, हैदराबादचा १९५० चा कुळकायदा जणू तिच्याचसाठी झाला असावा, अशा थाटात वहिवाटीचा हक्क सांगितला.

आमचे घर माळवदाचे. नवरात्र जवळ आले, की मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर नेण्यासाठी आजी ओसरीवर वाती वळायला बसे. सरकी काढून पिंजलेला कापूस डाव्या बाजूस सुपात, उजव्या बाजूस वळलेल्या वातींची जुडी, आणि मध्ये पाटाच्या उलट्या बाजूवर तिचा राखेने माखलेला तळहात मागेपुढे फिरत असे. मनी हातभर अंतरावर पुढचे पाय पोटाखाली घेऊन विरक्त मुद्रेने बसलेली दिसे. पण पाहणाऱ्याने नीट पाहिले असते, तर तिच्या डोळ्यांतील बाहुल्या हळूहळू विस्फारत चालल्या आहेत, मागचा भाग किंचित उचलून डावीउजवीकडे हलतो आहे, आणि शेपटीचे केवळ टोक तेवढे जमिनीवर आपटते आहे, हे त्याच्या ध्यानात आले असते. मग एकाएकी झेप पडे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की सुपातल्या कापसाच्या ढिगाला ती कधी शिवली नाही, वळून झालेल्या जुडीकडेही तिने पाहिले नाही. आजीच्या तळव्याखाली त्या क्षणी जी वात लांब होत असे, तीच तिला हवी असे. “अगं, देवीच्या वाती आहेत त्या, उंदराचं शेपूट नाही तुझ्या!” असे आजी ओरडे, आणि ओढाताणीत दुभंगलेली वात घरच्या समईसाठी बाजूला ठेवी.

त्याच नवरात्राच्या यात्रेतून माझ्या थोरल्या भावाने एकदा किल्लीचा पत्र्याचा उंदीर आणला. तो वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला होता. किल्ली दिल्यावर तो घरघरत सरळ रेषेत धावे आणि भिंतीला थडकून तिथेच चाके फिरवीत राही. मनीने तो एकदा हुंगला, एकदा पंजाने उलथा केला, आणि त्याच्या पोटातील चक्रे पाहिल्यावर त्याच्याविषयीचे आपले मत कायमचे बनवून ती वर्तमानपत्राच्या कागदात जाऊन शिरली. तो कागद चुरचुरत असे, त्याखाली काही असू शकत होते किंवा नसूही शकत होते, आणि एवढ्या संशयावर तिची उभी संध्याकाळ गेली. भाऊ मात्र रुसून जेवला नाही.

वडील तहसिलीत मोहरीर, म्हणजे कारकून, होते. निजामी अमलातील ती तहसील, कामकाज उर्दूत; आणि जी मिसल कचेरीच्या वेळात उरकत नसे ती तांबड्या कापडाच्या बस्त्यात बांधून घरी येई. कंदिलाच्या उजेडात वडील बस्ता सोडीत, तो त्याची नाडी मनीची आणि आतील कागद सरकारचे, अशी जणू ठरलेली वाटणीच होती. पण वाटणीवर संतुष्ट राहणे हे मांजराच्या जातीत नाही. वडील ज्या पहाणीपत्रकावर झुकलेले असत नेमके त्याच्यावर येऊन ती अंग टाकी. शेजारी तशीच दहा पत्रके मोकळी पडलेली असत, त्यांच्यावर नाही. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य पालटले, पुढे दप्तराची लिपी पालटली, औरंगाबाद जिल्ह्यातील आमचा तालुका १ मे १९८१ ला नव्या जालना जिल्ह्यात गेला. मनीच्या धोरणात मात्र कोणत्याही अमलात फरक पडला नाही.

या हट्टामागे काही शास्त्र आहे, हे मला पुष्कळ उशिरा वाचनातून कळले. मांजराचा खेळ हा खेळ नसून शिकारच आहे, असे इंग्लंडातील साउथॅम्प्टन विद्यापीठात जॉन ब्रॅडशॉ आणि सेरा हॉल यांनी केलेल्या प्रयोगांवरून दिसते: भुकेले मांजर अधिक आवेशाने खेळते, एकच खेळणे वारंवार पुढे टाकले तर त्यावरून त्याचे मन लवकर उडते, आणि लगेच निराळे खेळणे दिले तर तोच आवेश परत येतो. पंजाखाली जी वस्तू फाटत नाही, सुटत नाही, विस्कटत नाही, ती त्याच्या हिशेबी न मरणारे भक्ष्य. तिच्यामागे शक्ती कोण दवडील? पत्र्याच्या उंदराचा गुन्हा तो हाच. वात दुभंगते, कागद फाटतो, सुतळीचे धागे निघतात. शिवाय माणसाला ऐकू न येणारे अतितीव्र स्वर मांजराला ऐकू येतात, तेव्हा कागदाच्या चुरचुरीत त्याला जे ऐकू येत असेल ते आपल्या कानांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

हे सर्व मान्य करूनही मला वाटते, की यात एक गोष्ट सुटते. चुरचुरणारा कागद मांजर एकटे असतानाही खेळवते हे खरे. पण आजीच्या हातातील वात आणि वडिलांच्या पुढ्यातील पत्रक यांचा उलगडा केवळ शिकारीने होत नाही. माझ्या मते, घरातील माणसाचे चित्त ज्या वस्तूत गुंतले असेल त्या वस्तूची किंमत मांजराच्या बाजारात चढते. मी शाळामास्तर झालो तेव्हा पुराव्यांची रास पडली. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला, की तपासत असलेल्या पानावर मनी हजर. सदऱ्याच्या खिशातून खडूचा तुकडा शहाबादी फरशीवर पडला, की तो कपाटाखाली पोहोचेपर्यंत तिची धावपळ. आणि १९७२ च्या दुष्काळात, जेव्हा रेशनच्या तांबड्या मिलोच्या भाकरीला सारे घर नाके मुरडीत होते, तेव्हा त्या मिलोच्या रित्या पोत्यात तिने तीन पिले घातली. आमच्या घरात त्या धान्याचे कौतुक असे झाले असेल तर एवढेच.

आता माझी मुलगी संभाजीनगरला चौथ्या मजल्यावर राहते. तिच्याकडील मनी (नावाची परंपरा तिनेही मोडली नाही) हिच्यासाठी घुंगराचा चेंडू, पिसे लावलेली काठी, आणि विजेवर वळवळणारा मासा, असे कितीतरी साहित्य घरपोच आले. आणि ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून ते आले, त्या खोक्यांत मनी राहू लागली. जावई याला मूर्खपणा म्हणतात. मी म्हणत नाही. नेदरलँड्समधील एका निवारागृहात नव्याने आणलेल्या मांजरांपैकी काहींना लपण्यास खोके देऊन आणि काहींना न देऊन पाहिले, तेव्हा खोकेवाली मांजरे लवकर स्थिरावल्याचे आढळले; तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात उबेचाही भाग आहे: आपल्याला उकडू लागते त्या तीस अंशांच्या पुढे मांजराला कुठे सुखाचे वाटू लागते, आणि पुठ्ठा ऊब धरतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात तर, चौकोन प्रत्यक्षात नसून नुसता भासणाऱ्या आकृतीतही मांजरे जाऊन बसली. माशाच्या वळवळण्यापेक्षा चार कडांचा आधार तिला मोलाचा वाटला, तर तिच्या विवेकात मला खोट दिसत नाही.

एक तक्रार मात्र नोंदवतो. नव्या घरांत हाताने करण्याचे काम उरले नाही. सूप गेले, वाती विकत येतात, शिवण शिंप्याकडे जाते, आणि माणसांचे सारे चित्त एका हातातल्या काचेत. मनी त्या काचेवर येऊन बसते, तेव्हा “मध्ये मध्ये करते” म्हणून तिला खाली उतरवतात आणि पिसांची काठी फेकतात. काठी हालवायला तरी कोणी बसावे.

तेव्हा ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी नव्या खेळण्यांवर पैसे घालण्याआधी एक खोके, वर्तमानपत्राचे एक पान आणि आपला पाव तास द्यावा. कागदी पिशवी दिल्यास तिचे बंद कापून द्यावे, म्हणजे मान अडकत नाही. आणि आमच्या ओसरीवर कोणी पाळले नाही ते पथ्य आवर्जून पाळावे: दोरा, लोकर, सुतळी आणि विशेषतः सुईत ओवलेला धागा यांच्याशी मांजराला एकटे सोडू नये. त्याच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूस वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला धागा त्याला सहसा थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. तो आतड्यात अडकला तर बहुधा शस्त्रक्रियेवाचून इलाज नसतो. खेळ झाला, की दोरा उचलून डब्यात ठेवावा आणि डब्याला झाकण लावावे.