दनकौरचे धुके

‘पराली जाळणारा शेतकरी’ एवढीच ओळ माझ्या छायाचित्राखाली छापून आली, त्याला आता बराच काळ लोटला. पण तिचा सल अद्याप गेलेला नाही.

नोकरीनिमित्त दिल्लीत आलेल्या मराठी माणसाचा इथल्या हिवाळ्याशी परिचय कसा होतो, ते सांगत बसत नाही. पश्चिमी विक्षोभाचा हलका पाऊस होऊन आकाश निवळले आणि वारा पडला, की रात्रीतून जमीन झपाट्याने निवते आणि पहाटे धुके दाटते, हा हिशेब अंगवळणी पडल्यावर मी ग्रेटर नोएडापलीकडे, दनकौरच्या बाजूला, गव्हाच्या शेतांत कॅमेरा घेऊन जाऊ लागलो. 

ते छायाचित्र मी घेतले त्या जानेवारीतल्या पहाटे एक वृद्ध शेतकरी, कानांवरून मफलर गुंडाळून, फावड्याने गव्हाची दारे धरत होता. थंडीचा कडाका वाढला म्हणजे हिमदवापासून पीक वाचवण्यासाठी इकडे हलके पाणी देतात. कूपनलिकेतून येणारे भूजल त्या हवेच्या मानाने चांगलेच कोमट असते. ते गारठलेल्या सरीत शिरताच त्यातून पांढरे लोट उठत आणि त्याच्या गुडघ्यांभोवती घोटाळत वरच्या धुक्यात मिसळून जात.

त्या बाष्पाला एका नियतकालिकाने बिनदिक्कत धूर ठरवले. पराली, म्हणजे शेतात उरलेला भाताचा पेंढा, जाळली जाते ती कापणीनंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गव्हाच्या पेरणीसाठी रान लवकर मोकळे व्हावे म्हणून. माझ्या चित्रात तर वीतभर वाढलेला गहू स्पष्ट दिसत होता, आणि उभ्या पिकात पाणी सोडून कोणता कुणबी आग लावील? मी चित्राचा दिनांक, वेळ आणि स्थळ यांसह खुलासा मागितला, तेव्हा ‘चित्र प्रातिनिधिक आहे’ असा एका ओळीचा जबाब आला. दुरुस्ती छापली नाहीच. ज्या कृत्यासाठी दोन एकरांहून कमी जमीन असलेल्यालाही २०२४ पासून ५,००० रुपये पर्यावरण-भरपाई भरावी लागते, तो गुन्हा एका निरपराध इसमाच्या चेहऱ्यावर शहानिशेविना चिकटवायचा, आणि मग तो चेहरा कुणाचाच नव्हे असे म्हणायचे! ज्याने उभ्या आयुष्यात वर्तमानपत्राच्या दप्तराची पायरी चढलेली नाही, त्याची तक्रार कोण नोंदवणार? छायाचित्र घेताना महिना कोणता होता, एवढे तरी संपादकाने विचारावे.

मात्र दिल्लीच्या विमानतळावर २०१५ च्या हिवाळ्यापासून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ या धुक्याचा अभ्यास करीत आहेत, त्याविषयी वाचल्यापासून माझ्या रागाची धार पूर्वीसारखी राहिलेली नाही. धुक्याचा प्रत्येक थेंब हवेतल्या सूक्ष्म कणाभोवती धरतो, आणि इथले ते कण मोटारींच्या, भट्ट्यांच्या, शेकोट्यांच्या धुराचेही असतात. म्हणजे ज्या शुभ्रतेसाठी मी थंडीत कुडकुडत उभा राहतो, तिच्यात धूर अजिबात नाही असे शपथेवर मला सांगता येणार नाही; आणि तरीही ती मला सुंदरच वाटते.

चित्राची एक प्रत मी त्या शेतकऱ्याला नेऊन दिली. ती त्याने नातवाला दाखवली. छापलेल्या ओळीविषयी मी त्याला काहीच सांगितले नाही. ‘ज्याची बदनामी झाली त्याला ती कळण्याचा हक्क आहे,’ असे माझी पत्नी म्हणते. त्याला नाहक मनस्ताप कशाला द्यावा, असे मला वाटते. आमचा हा वाद मिटलेला नाही.